टायटॅनिकचे क्विझ प्रश्न: कुठला सोपा, कुठला अवघड हे नीट ठरवायचं कसं

क्विझसाठी प्रश्न काढणारे बरेच जण प्रश्न लिहून झाला की बाजूला सोपा, मध्यम नाहीतर अवघड असं टाकतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मग ऐन कार्यक्रमात होतं काय, की शेवटच्या राऊंडसाठी राखून ठेवलेला प्रश्न पहिलीच टीम दोन सेकंदात उडवते आणि सुरुवातीला सगळ्यांना हुरूप यावा म्हणून ठेवलेल्या प्रश्नावर अख्खा हॉल गप्प बसतो. ह्यात नशिबाचा भाग थोडाच असतो. प्रश्न किती अवघड जाणार हे आधी बऱ्यापैकी ओळखता येतं आणि नंतर चक्क मोजता येतं, ते कसं हे मी इथे टायटॅनिकवरचे प्रश्न घेऊन सांगतो. टायटॅनिकच का, तर हिमनगाला धडकून बुडालेलं मोठं जहाज एवढं शाळकरी पोरांनाही माहीत असतं, आणि त्याच विषयात असेही तपशील आहेत की वर्षानुवर्षं त्यावर वाचणाऱ्यालाही थांबून आठवावं लागतं. एकाच विषयात एवढी मोठी रेंज क्वचित मिळते.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगून टाकतो. ती माहिती किती लोकांपर्यंत पोचलीय, प्रश्न कसा विचारलाय आणि समोर कोण बसलंय, ह्या तिन्हींचं मिळून जे होतं तो प्रश्नाचा अवघडपणा. तिन्हीतलं एक जरी बदललं तरी तोच प्रश्न सोप्याचा अवघड होतो.

पायरी १: समोर कोण बसणार ते आधी कागदावर लिहा

"सर्वसाधारण प्रेक्षक" असं काही नसतं. आठवी-नववीची मुलं, सोसायटीतलं गणपतीचं मिक्स पब्लिक, कॉलेजची क्विझ टीम, आणि दर रविवारी क्विझ खेळणारे मुरलेले लोक, ह्या चार हॉलसाठी एकाच प्रश्नाला चार वेगळी लेबलं लागतील.

टायटॅनिकच्या बाबतीत तर वयाचा फार फरक पडतो. ज्यांनी १९९७ चा सिनेमा थेटरात पाहिला त्यांच्या डोक्यात जहाजाचं चित्र पक्कं आहे, पण ते चित्र सिनेमाचं आहे हे विसरायचं नाही. त्यांना फर्स्ट क्लासचा भव्य जिना आठवतो, बुडेपर्यंत वाजवत राहिलेले वादक आठवतात, पण वादकांच्या प्रमुखाचं नाव वॉलेस हार्टली हे बहुतेकांना येत नाही. आणि सिनेमातला जॅक डॉसन हा काल्पनिक, पण कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या फेअरव्ह्यू लॉन स्मशानभूमीत "जे. डॉसन" असं कोरलेलं थडगं खरंच आहे, ते बॉयलर रूममध्ये कोळशाचं काम करणाऱ्या जोसेफ डॉसन नावाच्या माणसाचं. म्हणजे "डॉसन नावाचा कोणी टायटॅनिकवर होता का" ह्या प्रश्नाला सिनेमा पाहिलेला आणि जॅक काल्पनिक होता एवढंच माहीत असलेला माणूस छाती ठोकून "नाही" म्हणणार आणि चुकणार. आताच्या मुलांसाठी मात्र टायटॅनिक म्हणजे जून २०२३ मध्ये अवशेष बघायला गेलेली आणि आतल्या पाचही जणांसकट नष्ट झालेली ती पाणबुडी, त्यांना जहाज किती खोल आहे ह्याचा अंदाज जुन्या लोकांपेक्षा बरा असतो.

जागेचाही फरक पडतो. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग-रेवसकडच्या हॉलमध्ये हा प्रश्न घराघरातला, पण नागपूरच्या कॉलेजात तोच प्रश्न फायनलला शोभेल. टायटॅनिकच्या प्रश्नांतही असंच, बेलफास्टमधल्या माणसाला हारलँड अँड वुल्फ ही जहाज बांधणारी कंपनी सांगावी लागत नाही, आपल्याकडे ती सांगावी लागते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांसाठी प्रश्न काढत असाल तर आणखी एक, तिकडच्या मुलांना माहिती खूप असते पण लांबलचक पुस्तकी मराठी वाक्य कानावरून जातं, तेव्हा प्रश्न अवघड गेला तो माहितीमुळे की वाक्यामुळे हे वेगळं बघायला लागतं.

पायरी २: उत्तर डगमगतं का ते तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि मग भांडणं होतात. ज्या प्रश्नाचं उत्तरच पक्कं नाही त्याची अवघडपणाची पातळी ठरवणं व्यर्थ आहे, कारण लोक चुकतात ते माहीत नाही म्हणून नाही, त्यांनी वेगळीकडे वेगळं वाचलंय म्हणून.

टायटॅनिकमध्ये अशा जागा भरपूर. किती माणसं गेली? ब्रिटिश चौकशीचा आकडा १,४९०, अमेरिकन चौकशीचा १,५१७, आणि अजून वेगळे आकडेही दिले जातात. वाचलेल्यांचा आकडा ७०५ पासून ७१२ पर्यंत फिरतो. तेव्हा नेमका आकडा विचारूच नका, "साधारण किती" असं विचारा आणि ऑप्शन एकमेकांपासून लांब ठेवा, जसं ५००, १,५००, ३,०००, ५,०००. आणि खरं सांगायचं तर गेलेल्या माणसांच्या आकड्यावर पॉइंट देणं मला बरं वाटत नाही, ती माणसं होती, तर हा प्रश्न एकदा विचारला की पुरे, पुढे कोण कसा गेला ह्यावर मजेचे प्रश्न काढू नयेत.

तारखेचं बघा. धडक बसली १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला आणि जहाज पूर्ण बुडालं १५ एप्रिलच्या पहाटे २:२० ला, दोन्ही वेळा जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. "टायटॅनिकचा अपघात कोणत्या तारखेला झाला" असं ढोबळ विचारलं की १४ म्हणणाराही बरोबर आणि १५ म्हणणाराही. "हिमनगाला धडकलं ती तारीख" किंवा "पाण्याखाली गेलं ती तारीख" असं नेमकं लिहा, मग तो प्रश्न मोजण्यालायक होतो.

तसंच अवशेष कोणी शोधले. बहुतेकांना रॉबर्ट बॅलार्ड येतं, पण १ सप्टेंबर १९८५ ला जे सापडलं ती अमेरिका आणि फ्रान्सची एकत्र मोहीम होती आणि फ्रेंच बाजूचं नेतृत्व झाँ-लुई मिशेल ह्यांचं होतं. "एकट्याने" किंवा "सर्वात आधी कोणी" असले शब्द टाकू नका. शेवटचं बंदर क्वीन्सटाऊन, त्याला आता कोव्ह म्हणतात, तर दोन्ही उत्तरं मान्य असं आधीच लिहून ठेवा. चौथं धुराडं "खोटं" होतं असंही सर्रास विचारतात, प्रत्यक्षात त्यातून बॉयलरचा धूर जात नव्हता पण हवा खेळती ठेवायला त्याचा उपयोग होता, म्हणून "बॉयलरचा धूर किती धुराड्यांतून जायचा" असं विचारलं की उत्तर स्वच्छ तीन येतं. आणि जहाज तुटून बुडालं की अखंड? १९१२ च्या ब्रिटिश चौकशीने अखंड बुडालं असं मानलं होतं, तुटताना पाहिल्याचं काही वाचलेले लोक सांगत होते तरी, आणि १९८५ मध्ये समुद्रतळाशी दोन मोठे तुकडे एकमेकांपासून साधारण ६०० मीटरवर सापडले तेव्हा विषय मिटला. जुनं पुस्तक वाचलेला माणूस इथे चुकू शकतो.

पायरी ३: माहिती कुठल्या थरातली आहे ते बघा

मी टायटॅनिकच्या माहितीचे ढोबळ चार थर धरतो. सगळ्यात वरचा थर कानावरून आलेला असतो, कुठलंही पुस्तक न वाचता: हिमनग, अटलांटिक महासागर, पहिलाच प्रवास, न्यूयॉर्कला चाललं होतं, साल १९१२, लाईफबोटी पुरेशा नव्हत्या.

दुसरा थर एखादा चांगला लेख वाचलेल्यांचा. व्हाईट स्टार लाईन ही जहाज कंपनी, बेलफास्टला बांधलं, साउदम्प्टनहून १० एप्रिलला निघालं, कॅप्टन एडवर्ड स्मिथ, कार्पेथिया जहाजाने वाचलेल्यांना उचललं, १९८५ ला अवशेष सापडले.

तिसरा थर आवडीने वाचणाऱ्यांचा आणि तो मोठा आहे: वाटेत फ्रान्सचं शेरबुर्ग लागलं, डोलकाठीवरच्या टेहळणीच्या जागेवरून हिमनग पहिल्यांदा बघणारा फ्रेडरिक फ्लीट, त्यावेळी ड्यूटीवर असलेला फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डॉक, वायरलेसवाले जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड, जहाजाचे डिझायनर थॉमस अँड्र्यूज, कंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे वाचले ह्यावरून झालेला गदारोळ, जवळच असलेलं पण वायरलेसवाला झोपायला गेल्यामुळे संदेश न मिळालेलं कॅलिफोर्नियन जहाज, बहीण जहाजं ऑलिंपिक आणि ब्रिटानिक.

चौथा थर अगदी खोलातला. वायरलेसवर जहाजाची ओळख सांगणारं कॉल साइन एमजीवाय, कारखान्यातला जहाजाचा नंबर ४०१, २९ बॉयलर, ब्रिटिश चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी आणि अमेरिकन सिनेट चौकशीचे विल्यम आल्डन स्मिथ, मृतदेह शोधायला हॅलिफॅक्सहून गेलेलं मॅके-बेनेट जहाज.

प्रत्येक प्रश्नापुढे थराचा नंबर टाका. पण इथेच थांबलात तर फसाल, कारण थर म्हणजे फक्त सुरुवातीचा अंदाज. चौथ्या थरातल्या माहितीवर सोपा प्रश्न निघतो आणि पहिल्या थरातल्या माहितीवर लोकांना घाम फोडणारा, ते पुढच्या दोन पायऱ्यांत.

पायरी ४: प्रश्नाची घडण बघा

कार्पेथिया घेऊ. माहिती तीच, दुसऱ्या थरातली. समोर गणपतीतलं मिक्स पब्लिक आहे असं धरून बोलतो.

"टायटॅनिकच्या वाचलेल्या लोकांना कुठल्या जहाजाने उचललं?" असं सरळ, ऑप्शनशिवाय विचारलं तर माझा अंदाज दहातल्या दोघांना येईल. ऑप्शन दिले, कार्पेथिया, कॅलिफोर्नियन, माउंट टेंपल, बाल्टिक, तर चार-पाच जणांना, कारण चारही जहाजं त्या रात्री त्या भागात होती किंवा त्यांचं नाव ह्या गोष्टीत येतं, आणि ज्याने थोडं वाचलंय तो कॅलिफोर्नियनकडे ओढला जातो. तेच ऑप्शन कार्पेथिया, बिस्मार्क, विक्रांत, क्वीन मेरी असे केले तर नऊ जणांना येईल, आणि त्यातल्या निम्म्यांनी कार्पेथिया हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असेल. आता असं विचारा: "ह्या जहाजाचं नाव पूर्व युरोपातल्या एका डोंगररांगेवरून आलंय, साधारण ५८ मैलांवरून ते रात्रीतून धावत आलं आणि पहाटे चारच्या सुमारास पोचलं, नाव सांगा." भूगोल पक्का असलेला माणूस टायटॅनिकबद्दल काही न वाचताही इथपर्यंत पोचू शकतो. आणि उलटं फिरवलं, "कॅप्टन आर्थर रोस्ट्रॉन यांचं कार्पेथिया जहाज एप्रिल १९१२ मध्ये कुठल्या जहाजाच्या मदतीला धावलं", तर क्विझवाल्यांच्या भाषेत निव्वळ सिटर, म्हणजे बसल्याबसल्या सुटणारा प्रश्न.

म्हणून प्रश्न तोलताना आधी उत्तर झाकून ऑप्शन वाचा. काहीही माहीत नसलेल्या माणसाला किती ऑप्शन सहज उडवता येतात? चारातले तीन उडत असतील तर तो प्रश्न मुळात प्रश्नच नाही. सालाच्या प्रश्नात १८१२, १९१२, १९४७, २००१ ठेवलं तर पोरंही सांगतील. १९०९, १९११, १९१२, १९१४ ठेवलं तर मोठेही अडखळतील, आणि १९११ हा ऑप्शन फार चांगला आहे कारण ३१ मे १९११ ला जहाज पाण्यात सोडलं होतं, अर्धवट वाचलेल्याच्या डोक्यात ते साल असतं. चुकीचा ऑप्शन असाच हवा, त्याच्यामागे काहीतरी कारण असलेला. लाईफबोटी किती, ह्याला १६, २०, ५३, ६४ असे ऑप्शन ठेवता येतात. बरोबर उत्तर २०, त्यात १६ लाकडी आणि ४ घडीच्या, म्हणून १६ हा अर्धं माहीत असलेल्यासाठी. ६४ बोटी मावतील अशी होड्या सोडायची यंत्रणा जहाजावर होती, ते वाचलेला तिकडे जाईल. ५३ च्या मागे मात्र काहीच कारण नाही, तो भरतीचा आहे, आणि असा एखादा ऑप्शन चालतो पण तीन नकोत.

चूक की बरोबर किंवा दोन ऑप्शनचे प्रश्न लोक सोपे समजतात, डोळे मिटून ठोकलं तरी ५० टक्के मिळतात म्हणून. पण हा बघा: "त्यावेळच्या ब्रिटिश नियमाप्रमाणे जेवढ्या लाईफबोटी लागत होत्या त्यापेक्षा टायटॅनिकवर कमी होत्या की जास्त?" लाईफबोटी पुरल्या नाहीत हे पहिल्या थरातलं, सगळ्यांना माहीत, म्हणून सगळे "कमी" म्हणणार. उत्तर आहे जास्त. १०,००० टनांच्या वरच्या जहाजाला नियमाने १६ लाईफबोटी लागायच्या, टायटॅनिक ४६,००० टनांच्या वर होतं तरी नियम तोच, आणि त्यावर होत्या २०. त्यात जागा १,१७८ जणांची आणि जहाजावर साधारण २,२०० माणसं. नियमच जुना झाला होता ही त्या दुर्घटनेतली फार मोठी गोष्ट, आणि हा प्रश्न ती गोष्ट एका फटक्यात समोर आणतो. अंदाजाने ठोकणारा इथे ५० टक्के मिळवेल आणि "माहीत असलेला" त्याहून कमी. ज्या प्रश्नात लोकांची पक्की समजूत चुकीची असते तो दोनच ऑप्शनचा असला तरी अवघड धरा.

पायरी ५: विचार करून उत्तरापर्यंत पोचता येतं का

एखादी गोष्ट माहीत असेल तर येते, नाहीतर नाही, असे प्रश्न एक प्रकारचे. टायटॅनिकचा कारखान्यातला नंबर काय, ४०१, हा तसा. हॉलमध्ये एकालाही आला नाही तर कुणाला वाईटही वाटत नाही आणि कळल्यावर मजाही येत नाही. अवघड करायचं म्हणून असे प्रश्न भरणं ही आळशी पद्धत आहे असं माझं स्पष्ट मत.

दुसरे प्रश्न वर्कआउट होणारे. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी एका नव्या जीवाणूचं वर्णन केलं, हॅलोमोनास ह्या गटातला, अटलांटिकच्या तळाशी लोखंडाच्या गंजावर सापडलेला. त्याच्या नावाचा दुसरा शब्द कुठल्या जहाजावरून? माहिती चौथ्या थरातली, हॅलोमोनास टायटॅनिसी हे नाव फार कमी लोकांनी ऐकलेलं, पण अटलांटिकचा तळ आणि लोखंडाचा गंज म्हटल्यावर निम्मा हॉल बरोबर बोलेल. तसंच "१९१४ पासून उत्तर अटलांटिकमध्ये एक आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली, ती कशावर नजर ठेवते?" उत्तर हिमनग. व्हायोलेट जेसपचंही असंच. ह्या बाई जहाजावर स्टुअर्डेस होत्या, १९११ मध्ये युद्धनौका हॉकशी धडकलेल्या ऑलिंपिकवर होत्या, १९१६ मध्ये एजियन समुद्रात बुडालेल्या ब्रिटानिकवर होत्या आणि मधल्या अपघातातही वाचल्या. त्यांचं नाव विचारलंत तर प्रश्न चौथ्या थरातला, मधलं जहाज विचारलंत तर चौथीतला मुलगाही सांगेल.

तोलायची रीत अशी, प्रश्नातल्या प्रत्येक तुकड्याखाली रेघ मारा आणि स्वतःला विचारा की हा तुकडा ऐकून उत्तराचा घेर किती कमी झाला. एकही तुकडा घेर कमी करत नसेल तर प्रश्न नुसता पाठांतराचा. पहिल्याच तुकड्यात उत्तर उघडं पडत असेल तर बाकीचा प्रश्न वाया. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला हळूहळू उलगडत असेल तर तो जपून ठेवा, फायनलला असेच प्रश्न लागतात.

पायरी ६: टक्क्यात अंदाज लिहा, आणि एकट्याने नको

सोपा-मध्यम-अवघड हे शब्द बाजूला ठेवा. त्याऐवजी "ह्या हॉलमधल्या १०० जणांपैकी किती जणांना येईल" एवढा एक आकडा लिहा. मध्यम म्हणजे तुमच्या मनात ६० आणि मित्राच्या मनात ३० असू शकतं, आकडा लिहिला की ते लगेच दिसतं.

आणि प्रश्न काढणाऱ्याने एकट्याने हा अंदाज करू नये, कारण एकदा उत्तर माहीत झालं की ते माहीत नसण्याची स्थिती आठवतच नाही, आठवडाभर टायटॅनिक वाचत बसलेल्याला मर्डॉक आणि लाइटोलर हे जहाजावरचे अधिकारी घरचे वाटायला लागतात. दोन-तीन जणांना प्रश्न द्या, उत्तर न सांगता. आधी त्यांना स्वतः सोडवू द्या, मग टक्के लिहायला सांगा, मगच उत्तर सांगा. हा क्रम महत्त्वाचा आहे, उत्तर सांगून "अवघड वाटतोय का" विचारलं की प्रत्येक जण "अरे हे माहीत होतं" म्हणतो. आकडे एकमेकांना न दाखवता घ्या आणि सरासरी काढा. एकाचा ८० आणि दुसऱ्याचा १५ आला तर सरासरी काढू नका, बसून बोला, बहुतेक वेळा प्रश्नाचं वाक्य दोघांनी वेगळं समजलेलं असतं.

पायरी ७: प्रत्यक्ष मोजा

ज्यांच्यासाठी क्विझ आहे तशाच पण वेगळ्या लोकांवर प्रश्न आधी चालवून बघा, कागदावर, एकेकट्याने. मग साधा भागाकार: बरोबर आलेले भागिले प्रयत्न केलेले. समजा ४० जणांनी सोडवला आणि ३० बरोबर, म्हणजे ०.७५. परीक्षा तयार करणारे लोकही हाच आकडा वापरतात, आणि एक लक्षात ठेवा की हा जेवढा मोठा तेवढा प्रश्न सोपा, पहिल्यांदा बघणाऱ्याचा इथे घोळ होतो. मी स्वतः ०.८ च्या वर सोपा, ०.४ ते ०.८ मध्यम, ०.१५ ते ०.४ अवघड असं धरतो, आणि ०.१५ च्या खालच्या प्रश्नाला काहीतरी खास कारण असल्याशिवाय घेत नाही.

चार ऑप्शनच्या प्रश्नात तुक्क्याचा हिशोब वजा करावा लागतो. बरोबर आलेल्यांतून, चुकलेल्यांचा तिसरा हिस्सा वजा करायचा. म्हणजे ४० मधले २५ बरोबर आणि १५ चूक, तर २५ वजा ५, उरले २०, म्हणजे खऱ्या अर्थाने माहीत असलेले साधारण निम्मे. ऑप्शनवाला ०.६२ आणि ऑप्शनशिवायचा ०.५ हे जवळजवळ सारखेच अवघड, हे ह्यातून कळतं. पाच ऑप्शन असतील तर चौथा हिस्सा, दोन असतील तर सगळे चुकलेले वजा. वजाबाकी शून्याखाली गेली तर समजायचं की लोकांची समजूतच चुकीची होती, तो लाईफबोटीच्या नियमाचा प्रश्न तसा जाऊ शकतो.

दहा जणांवर मोजलंत तर एका माणसाने दहा टक्के हलतात, तेव्हा तेवढ्या आकड्यावर ६० आणि ७० मध्ये फरक शोधत बसू नका.

टीम असतील तर हिशोब फार बदलतो आणि हे बरेच जण विसरतात. एकेकट्याला ३० टक्के वेळा येणारा प्रश्न चार जणांच्या टीमला किती वेळा येईल? चौघांपैकी एकालाही न येण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.२४, तर टीमला येण्याची ०.७६. प्रत्यक्षात एवढं वर जात नाही कारण एका टीममधले मित्र साधारण सारखंच वाचलेले असतात, आणि कधीकधी बरोबर माणसाला बाकीचे गप्प करतात, पण दिशा हीच. एकट्यासाठी अवघड असलेला प्रश्न टीमसाठी मध्यम होतो. बाउन्स होणाऱ्या, म्हणजे न आलेला प्रश्न पुढच्या टीमकडे जातो अशा राऊंडमध्ये तर पुढच्या टीमला आधीची चुकीची उत्तरं ऐकायला मिळतात, तो फायदाही धरा.

पायरी ८: कोण चुकलं ते बघा

नुसता टक्का पुरत नाही. सोडवलेल्या कागदांचे एकूण मार्कांवरून वरचे आणि खालचे असे दोन गठ्ठे करा, प्रत्येकी साधारण एक तृतीयांश, मधले सोडून द्या. वरच्या गठ्ठ्यात प्रश्न जास्त जणांना आला आणि खालच्यात कमी, तर प्रश्न निरोगी, मग तो सोपा असो की अवघड. दोन्हीकडे सारखाच आला तर तो प्रश्न कुणालाच वेगळं करत नाही, कारखान्याच्या नंबरासारखा. आणि वरचे चुकले, खालचे बरोबर आले, तर प्रश्नातच खोट आहे.

टायटॅनिकवर असं कधी होतं बघा. "जहाज पाण्यात सोडताना कुठल्या पेयाची बाटली फोडली?" असा प्रश्न आणि ऑप्शनमध्ये शॅम्पेन. खालच्या गठ्ठ्यातला माणूस सवयीने शॅम्पेनवर टिक करणार आणि मार्क घेणार. वरच्या गठ्ठ्यातल्याला माहीत असतं की व्हाईट स्टार लाईन असा बाटली फोडायचा समारंभ करतच नसे, तो बिचारा गोंधळून प्रश्न सोडून देणार. इथे अवघडपणाचा आकडा छान ०.६ वगैरे दिसेल आणि प्रश्न मात्र केराच्या टोपलीतला. हीच माहिती "टायटॅनिक पाण्यात सोडताना शॅम्पेनची बाटली फोडली होती, चूक की बरोबर" अशी विचारली की तोच प्रश्न एकदम चांगला होतो.

चुकलेल्यांनी कुठला ऑप्शन घेतला तेही मोजा. ज्या ऑप्शनवर एकानेही टिक केली नाही तो बदला, कारण चार ऑप्शनचा प्रश्न तेव्हा तीनचाच असतो. आणि एकाच चुकीच्या ऑप्शनवर वरचा गठ्ठा जमा झाला असेल तर आधी पायरी २ वर परत जा, कदाचित तेच उत्तर बरोबर असेल.

पायरी ९: वही ठेवा आणि दरवेळी परत बघा

प्रश्न, थर, तुमचा अंदाज, मोजलेला आकडा, हॉल कसला होता आणि कुठल्या महिन्यात घेतला, एवढे रकाने पुरतात, मोबाईलमधल्या शीटवर केलं तरी चालेल. अंदाज आणि मोजलेला आकडा शेजारीशेजारी ठेवले की तुमचा कल दिसायला लागतो. कुणी आकड्यांचे प्रश्न कायम सोपे समजतो, कुणी माणसांच्या नावांचे. लांबीचा प्रश्न घ्या, टायटॅनिक २६९ मीटर लांब होतं, हे ज्याला येतं त्याला वाटतं सगळ्यांना येत असेल, आणि प्रत्यक्षात ऑप्शनशिवाय नेमकं फार थोडे सांगतात. अशा आकड्यांना "जवळात जवळ कोण" अशी पद्धत ठेवली तर अवघड प्रश्नही खेळता येतो.

आणि माहितीचे थर हलत असतात. मिलविना डीन ह्या टायटॅनिकवरच्या सगळ्यात लहान प्रवासी, बुडालं तेव्हा जेमतेम दोन महिन्यांच्या, आणि वाचलेल्यांतल्या शेवटच्या, ३१ मे २००९ ला गेल्या. त्या आठवड्यात पेपर वाचणाऱ्याला तो प्रश्न सोपा होता, आज तिसऱ्या-चौथ्या थरात गेलाय. अवशेष साधारण ३,८०० मीटर खोल आहेत हा प्रश्न उलट २०२३ नंतर वर सरकला, बातम्यांत रोज आकृत्या दाखवत होते म्हणून. एप्रिल महिन्यात क्विझ असेल तर सगळेच आकडे थोडे वर धरा, १४-१५ तारखेच्या आसपास फोनवर टायटॅनिकच्या पोस्टी फिरतातच.

राऊंड लावताना मी दहा टायटॅनिक प्रश्नांत साधारण तीन सोपे, पाच मध्यम, दोन अवघड ठेवतो, सुरुवात ०.८ च्या वरच्याने, पहिला अवघड चौथा-पाचवा, मग पुन्हा एक सोपा, आणि शेवटी वर्कआउट होणारा. ओळीने दोन अवघड लावायचे नाहीत, मागच्या बाकावरचे लोक तिथे फोन काढतात. पॉइंटही मोजलेल्या आकड्यावरून द्या, ०.८ ला ५, ०.५ ला १०, ०.२ ला २० असं काहीतरी, आणि ते आधी जाहीर करा.